कानस कुठल्या हातात

कानस चालली की लोखंडाचा कीस पडतो. संध्याकाळी बाक झाडून घ्या, फडक्याने पुसून घ्या, तरी दुसऱ्या दिवशी बोट फिरवलं की बोटाला कीस लागतोच. शाळेच्या वर्कशॉपमध्ये मी चौदा वर्षं काढली. किस्से असेच साठले. मी जमवायला गेलो नव्हतो. बोटाला लागले.

मी चौथी पास. अंबरनाथच्या एका कंपनीत वीस वर्षं फिटर होतो. ऐंशीनंतर कंपनी बंद पडली. तेव्हा इथल्या एका हायस्कूलला वर्कशॉपसाठी माणूस हवा होता. कागदावर मी मदतनीस, पण शिकवायचो मीच. आठवी ते दहावीची टेक्निकलची मुलं. दहावीनंतर कोणी आयटीआयला जायचं, कोणी एमआयडीसीत अ‍ॅप्रेंटिस लागायचं. बोर्डाचा निकाल बाकीचे सर बघायचे. किती पोरं कामाला लागली, ते मी बघायचो.

*

वर्कशॉपमध्ये मुलाला घासायला लोखंडाचा जो तुकडा देतात, त्याला 'जॉब' म्हणतात. आमच्याकडे हा शब्द पाण्यासारखा वापरायचे. जॉब लाव, जॉब काढ, जॉब दाखव.

आठवीच्या नव्या वर्गाला मी पहिल्या दिवशी जॉब वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक बाई उभी. हातात पेढ्यांचा पुडा.

"सर, मी मिलिंदची आई. कॅम्प पाचला राहतो आम्ही. तुमचे उपकार कसे फेडू? पोरगं तेरा वर्षांचं, आणि तुम्ही त्याला जॉब दिलात!"

"कोण म्हणालं?"

"तोच. घरी आला न् म्हणाला, आई, सरांनी मला जॉब दिला. मी अख्ख्या चाळीत पेढे वाटले. माझ्या सुपरवायझरला पण दिला!"

ही बाई औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती. नवरा वारलेला. मिलिंद एकुलता. तो मागे उभा राहून बाकाखाली शिरायची जागा शोधत होता.

मी त्याचा तुकडा उचलून तिच्या हातावर ठेवला. "हा जॉब."

तिने तो उलटसुलट करून बघितला. "एवढाच?"

"एवढाच."

"आणि खरा कधी मिळेल?"

"दहावीनंतर. हा नीट घासला तर."

बाई रडेल असं मला वाटलं. तिने पुडा पुढे केला. "मग घ्या. परत काय मी पेढे वाटायची नाही. हे अ‍ॅडव्हान्स समजा!"

मी कधी कोणाकडून काही घेतलं नाही. तो पेढा घेतला.

*

मिलिंद डावखुरा निघाला.

कानस धरायची एक रीत आहे. मूठ उजव्या हातात, टोकावर डावा हात, डावा पाय पुढे. मी अशीच शिकलो. माझ्या उस्तादाने अशीच शिकवली. मिलिंद मूठ डाव्या हातात घ्यायचा. मी काढून उजव्या हातात द्यायचो. मी वळलो की पुन्हा डाव्यात. एकदा मी त्याच्या डाव्या मनगटाला सुतळी बांधली आणि दुसरं टोक त्याच्या खिशाला. ती सुतळी मला अजून दिसते.

जॉब सपाट झाला का, ते बघायला त्यावर गुण्या, म्हणजे लोखंडी काटकोन, लावायचा आणि खिडकीकडे धरायचा. गुण्या आणि लोखंडाच्या मधून उजेड दिसला की जॉब खराब. मिलिंदच्या जॉबमधून समोरचं मैदान दिसायचं.

"वा! काय उजेड पाडलास!" असं म्हणून मी तो भंगारच्या डब्यात टाकायचो.

आठवी गेली, नववी आली. डबा भरत होता. डब्यातले निम्मे तुकडे त्याचे.

*

मिलिंदच्या शेजारच्या व्हाइसवर, म्हणजे जॉब पकडायच्या शिकंज्यावर, हरेश. तोही कॅम्प पाचचा, सिंधी. बापाचं छोटं वर्कशॉप होतं.

एक दिवस हरेशने जॉब दाखवला. आरशासारखा! गुण्या लावला, केसाएवढासुद्धा उजेड नाही. मी त्याला शून्य मार्क दिले.

दुसऱ्या दिवशी बाप आला. "दादा, माल तो एकदम फर्स्ट क्लास है. फिर झीरो क्यों?"

'दादा' ऐकून माझं डोकं फिरलं. आमच्याकडे दादा म्हणजे नाक्यावर हप्ते घेतो तो. मी बाही वर केली. आमच्या क्लार्कने मध्ये पडून सांगितलं, "अहो, ते सिंधी आहेत. त्यांच्यात मान देताना दादा म्हणतात. मास्तरांनासुद्धा." मी बाही खाली केली.

"सेठ, ये माल ग्राइंडिंग मशीन पे बना है. आपकी मशीन पे. मार्क दूंगा, मगर आपको दूंगा. लड़के को नहीं!"

बाप जोरात हसला. पोराच्या पाठीत धपाटा घालून म्हणाला, "दादा सही बोलता है."

तो गेल्यावर हरेशने दप्तरातून आणखी एक तुकडा काढून माझ्यासमोर ठेवला. तसाच आरशासारखा.

"ये किसका?"

"मिलिंद का, सर. उसका पास नहीं होता ना."

मी हरेशला वर्गाबाहेर उभं केलं. दहा मिनिटांनी आत घेतलं. साधारणपणे मी तासभर उभं करायचो.

*

त्या पावसाळ्यात बदलापूरला उल्हास नदी मांजर्लीत शिरली. मिलिंदच्याच वर्गातला किसन तिथला. चार दिवसांनी शाळेत आला. कपडे कोणाचे तरी, मापाचे नव्हते.

मराठीच्या बाईंनी विचारलं, "पुस्तकं कुठेत?"

"पानयात गेली."

"वह्या?"

"त्यापन गेल्या."

"मग वाचलं काय?"

किसनने पिशवीतून कानस काढली. तेल लावून फडक्यात गुंडाळलेली. "ही मालयावर ठेवलीती, बाई. हिला गंज चढला तं सर मारतीन."

मी दारातच उभा होतो. बाई माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत.

*

नववी संपताना ठाण्याहून एक साहेब मार्गदर्शनाला आले. आमच्या शाळेत 'करिअर' हा शब्द त्यांनी आणला. भिंतीवर तक्ता लावला. दहावीनंतर काय काय होता येतं, त्याचे बाण. मग एकेकाला उभं करून विचारलं, "बाळ, तुला काय व्हायचंय?"

"इंजिनिअर."

"पायलट!" वर्ग हसला.

हरेश म्हणाला, "मालिक." साहेबांनी तक्ता बघितला. मालकाला बाण नव्हता.

मिलिंद उठला. नुसताच उभा राहिला.

"बोल बाळा, लाजू नकोस. तुला काय व्हायचंय?"

"उजवा."

"काय?"

"उजव्या हाताचा व्हायचंय, सर."

वर्ग हसला. साहेबही हसले. त्यांनी मिलिंदचं नाव कोऱ्या रकान्यात लिहिलं आणि पुढच्याला उभं केलं.

मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. तिथून वर्कशॉपमध्ये गेलो. भंगारचा डबा बाकावर उपडा केला. मिलिंदचे तुकडे वेगळे काढले. एकेकावर बोट फिरवलं. प्रत्येक तुकडा एकाच बाजूला उतरता. दोन वर्षं पोराचा हात एकच गोष्ट सांगत होता, आणि मी गुण्या लावत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी त्याला म्हणालो, "घे डाव्या हातात."

त्याला खरं वाटेना. "सर, सुतळी?"

"सुतळी हरवली."

*

आता पंचाईत माझी झाली. डाव्या हाताची कानस शिकवायची तर आधी मला यायला पाहिजे. करून दाखवल्याशिवाय मी काही शिकवलेलं नाही. तोंडाने शिकवणारे वरच्या मजल्यावर.

मधल्या सुट्टीत दार लावून मी सराव सुरू केला. मूठ डाव्या हातात, उजवा पाय पुढे. वीस वर्षं फिटरकी केलेला मी, आणि कानस माझ्या हातात माशासारखी वळवळायची. खांदा दुखायचा. बायकोने बाम लावताना विचारलं, "ह्या वयात कुठे पडलात?" मी म्हणालो, "शाळेत."

एक दिवस जॉब काढला, गुण्या लावला, खिडकीकडे धरला. तर खिडकीच्या गजापलीकडे चार डोकी! हरेश, किसन, मिलिंद आणि आणखी एक.

माझ्या जॉबमधून त्यांना मी दिसत होतो.

हरेश हळूच म्हणाला, "वा सर! काय उजेड पाडलात!"

एवढं शुद्ध मराठी त्या पोराच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं. चौघेही पळाले. मिलिंद मात्र परत आला. आत येऊन म्हणाला, "सर, कोपर एवढं वर नाही घ्यायचं. असं." आणि त्याने माझं कोपर धरून खाली केलं.

दहावीचं वर्ष आम्ही दोघं एकाच व्हाइसवर शिकलो. दिवाळीपर्यंत त्याच्या जॉबमधला उजेड गेला. माझ्या जॉबमधला होळीला गेला.

*

दहावीनंतर एमआयडीसीतल्या एका कंपनीने अ‍ॅप्रेंटिस घ्यायला परीक्षा ठेवली. जागा चार. आमच्या शाळेतून गेलेला मिलिंद एकटा. त्याच्या आईला त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. सकाळी येऊन मला म्हणाली, "सर, तुम्ही गेटपर्यंत जा. मी शिफ्टमधून काय करणार?" मी गेलो.

दोन तास गेटवर बसलो. मग वॉचमन आला. "मास्तर, फोरमन साहेब आत बोलवतात."

फोरमन माझ्याच वयाचा. टेबलावर मिलिंदचा जॉब. बाजूला गुण्या. मिलिंद भिंतीशी उभा, पांढराफटक.

"जॉब चांगला आहे," फोरमन म्हणाला. "पण पोरगा डावखुरा आहे. हे तुम्ही फॉर्मवर लिहिलं नाहीत."

"मला कळायला दोन वर्षं लागली. तुम्हाला दोन तासांत कळलं."

तो हसला नाही. "मास्तर, माझ्याकडच्या सगळ्या मशिनी उजव्या हाताच्या. डावखुरा माणूस आज ना उद्या बोट घालवतो. मी ह्याला तेच सांगितलं. तर हा म्हणतो, त्याचे सर डावखुरे आहेत. वीस वर्षं कंपनीत होते. दहाही बोटं शाबूत आहेत."

मी मिलिंदकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. खोटं बोलणाऱ्या मुलाला मी वर्कशॉपमध्ये काय करायचो, ते त्याला माहीत होतं.

"खरं का?" फोरमनने विचारलं.

मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. पालथे. दहा बोटं.

त्याने ती मोजली. खरंच मोजली. मग फॉर्म पुढे सरकवला. "इथे शिकवणाऱ्याची सही लागते."

पेन मी उजव्या हातात घेतलं होतं. ते डाव्या हातात घेतलं.

सही व्हायला वेळ लागला. कागद फाटायचा राहिला. माझं आडनाव ओळीवरून निघालं आणि रकान्याच्या बाहेर जाऊन थांबलं. फोरमनने फॉर्म उचलून खिडकीकडे धरला आणि बराच वेळ बघत राहिला.

"मास्तर, ही सही बँकेत चालायची नाही."

"बँकेत द्यायची नाही. इथेच द्यायची आहे."

त्याने ड्रॉवर उघडला आणि शिक्का काढला.