वरच्या मजल्यावरच्या काकांचा पुढचा कॅमेरा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी कॅमेऱ्याचा जितका विचार केला, तितका कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीनेसुद्धा केला नसेल. मनमाडची रेल्वेतली नोकरी संपवून काका-काकू नाशकात गंगापूर रोडला राहायला आले आणि वर्षभरात काकू गेल्या. मुलगी कॅनडात. आईच्या दिवसांना आली होती, परत जाताना तिने एक छोटा कॅमेरा त्यांच्या हातात ठेवला, "बाबा, फिरा, फोटो काढा." काका फिरले, पण बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या दुकानापर्यंतच.

कारण त्यांना पुढची काळजी लागली. छोट्या कॅमेऱ्याच्या लेन्स त्याच कंपनीच्या मोठ्या कॅमेऱ्याला धड चालत नाहीत. मोठ्याच्या लेन्स छोट्याला चालतात, पण त्या वरवंट्यासारख्या जड. "आज छोटी लेन्स घेतली आणि उद्या मोठ्या कॅमेऱ्यावर गेलो, तर ही वाया. आणि मोठी घेतली नि कंपनीने ती मालिकाच बंद केली, तर?" हे ते मला जिन्यात विचारत, गिरणीत विचारत, एकदा तर एका बारशात पाळण्याला टेकून विचारलं. बाळाची आई माझ्याकडे बघतच राहिली. नांदूर मध्यमेश्वरला आम्ही सोसायटीतले सगळे पक्षी बघायला गेलो, तेव्हा पाण्यावरून रोहित पक्ष्यांचा अख्खा थवा उठला. लोक धावले. काका मला मधलं मॉडेल घेण्यातला धोका समजावत होते. थवा दिसेनासा झाल्यावर म्हणाले, "लांबची लेन्स हवी होती बघ."

दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते दुकानात जात. दुकानदार नवं मॉडेल बाहेर काढून देई, दोघं तासभर त्यावर वाद घालत, आणि काका "याच्या पुढचं येऊ दे" म्हणून खुशीत परत येत.

दिवाळीनंतर मुलगी फोनवर वैतागली, "बाबा, घेऊन टाका ना एकदाचा!" आणि काकांनी खरंच मोठा कॅमेरा घेतला. त्या रविवारी मी पेढे मागायला वर गेले, तर कॅमेरा खोक्यातच आणि काका घरच्या बनियनवर गॅलरीत बसलेले.

"आज दुकानात नाही गेलात?"

"कशाला जाऊ? ठरलं की सगळं." मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "माणूस चांगला आहे गं तो. पण घेऊन झाल्यावर त्याच्याशी बोलणार काय?"

आत टीव्ही नव्हता लागलेला, रेडिओ नव्हता. सकाळपासून ते तसेच बसले असावेत. फोटोतलं मला ओ की ठो कळत नाही. मोबाईलवर काढते त्यातही निम्म्यात माझं बोट येतं. तरी म्हटलं, "काका, मलाही एक कॅमेरा घ्यायचाय. कुठला घेऊ?"

काका उठले. शर्ट चढवला, चहाचं आधण ठेवलं आणि आतूनच विचारलं, "घाई नाही ना गं तुला?"

"अजिबात नाही," मी म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले.