अवकाश आहे

"मॅडम, ही माणसं चाललीत कुठे?" हेडबाईंनी फोनवर विचारलं.

डोंबिवलीतल्या त्यांच्या शाळेत विज्ञान दालन व्हायचं होतं. फलकांचं मराठी माझं, चित्रं आमच्या ठाण्याच्या ऑफिसातल्या तिवारीची. मी फाइल उघडली. वर ठळक अक्षरांत 'मानवी अवकाश उड्डाण'. खाली विमानतळावर ट्रॉली बॅगा ओढणारं कुटुंब. बाबांच्या अंगात फुलाफुलांचा शर्ट.

मूळ इंग्रजी शब्द स्पेसफ्लाइट. पृथ्वीच्या हवेबाहेर जाणं, तिथे राहणं, परत येणं, सगळं त्यात आलं. एका फेरीलाही तेच म्हणतात आणि त्या सगळ्या उद्योगालाही. मला धाकधूक होती ती 'उड्डाण'ची. आपल्याकडे उड्डाण म्हटलं की पुढे पूल येतो. घात मात्र दुसऱ्याच शब्दाने केला.

आमचे साहेब, सावंत सर तापले. तिवारी प्रोबेशनवर होता. बायको-मुलीला नुकतंच गावाहून आणून त्याने शीळफाट्याला खोली घेतली होती.

"अरे, रॉकेट कुठाय?"

"सर, अवकाश मतलब छुट्टी ना? छुट्टीवाला फ्लाइट. म्हणून फॅमिली टाकली."

हिंदीत अवकाश म्हणजे रजा. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"याला ठेवून उपयोग नाही," सर मला म्हणाले. तेवढ्यात हेडबाईंचा पुन्हा फोन. सरांचा आवाज एकदम साखरेत घोळला. "करतो ना मॅडम. उद्घाटनाला अजून अवकाश आहे."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "सर, हा कुठला अवकाश? रॉकेटचा की रजेचा?"

"शब्द बदला," सर म्हणाले.

मी 'अंतराळ प्रवास' केलं. प्रवासात परत येणंही येतं. तिवारीने यान झकास काढलं. हेडबाई खूश झाल्या.

पुढच्या आठवड्यात तिवारीने धीर करून विचारलं, "सर, माझं पर्मनंटचं?"

"अवकाश आहे त्याला," सर मान वर न करता म्हणाले.

जरा वेळाने बघते तर हा टेबल आवरतोय. डोळे भरलेले. "मॅडम, सरने मेरी छुट्टी कर दी."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. "अरे वेड्या, टाइम आहे म्हणाले ते! बस खाली."

शब्द निवडताना ऐकणारा कुठला आहे, हेही बघावं. तिवारी यथावकाश पर्मनंट झाला. ती बातमी सरांनी त्याला इंग्रजीत सांगितली.