हरवलेली सात माणसं

माण तालुक्यातल्या त्या वस्तीवर रंगुबाई वीरकरला सगळे जरा बिचकूनच असतात. बाई वाईट नाही, पण डूख धरते. वीस वर्षांपूर्वी भावकीतल्या एकानं तिच्या मेंढरांवर कुत्रं सोडलं होतं. त्याच्या दारचा चहा ती अजून पीत नाही. नवरा अर्जुना अगदी उलट. कुणी अंगावर धावून आलं तरी हा आधी त्याला बसायला घोंगडं टाकणार.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात अर्जुनाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. त्याला साखरेचा आजार, पायाला बधिरपणा. काटा चार दिवस आत होता हे त्याला कळलंसुद्धा नाही. टाच फुगली, फुटली आणि भरेना. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की सांगलीच्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात अशा जखमांवर नव्या पट्टीची चाचणी चालू आहे. पट्टी फुकट, वर एसटीचं भाडं. दोघं गेली.

तिथले जयराज डॉक्टर पन्नाशीचे, गोरे, बोलायला गोड. पहिल्याच दिवशी त्यांनी बाकावरच्या सगळ्या पेशंटांना पट्टी दाखवली. "कोळंबीची टरफलं कालपर्यंत कचऱ्यात जायची. आता त्यातून एक पदार्थ काढतात. डाळिंबावर त्याचा पातळ थर दिला की डाळिंब महिनाभर सुकत नाही. तोच पदार्थ, त्यात चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण, आणि झाली ही पट्टी. जखम आतून भरून येते."

रंगुबाईला ते पटलं. डाळिंब टिकतं तर पाय का टिकू नये? अर्जुनानं कागदावर सही केली, साक्षीदार म्हणून तिनं अंगठा उठवला.

दर मंगळवारी पहाटेची गाडी धरून दोघं सांगलीला जायची. चार मंगळवार बरे गेले. पाचव्या मंगळवारी तिला पट्टीखालून वास आला. मेंढराच्या खुराला कीड लागल्यावर येतो तसला. ती वास ओळखून होती.

"डॉक्टर, आत सडतंय. उघडून बगा."

"आजी, पट्टी मध्येच काढली तर सगळं वाया जातं. अजून तीन आठवडे धीर धरा."

आठव्या मंगळवारी अर्जुनाला ताप भरला होता. डॉक्टरांनी पाय बघितला, चेहरा बदलला, आणि म्हणाले, "तुम्ही पथ्य पाळलेलं दिसत नाही. आता इथं यायची गरज नाही. जवळच्या दवाखान्यात दाखवा."

चार दिवसांनी साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात अर्जुनाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. तिथला तरुण डॉक्टर एवढंच म्हणाला, "महिनाभर आधी आणायला हवं होतं."

महिनाभर आधी ती दोघं सांगलीच्या बाकावर बसली होती.

रंगुबाई रडली नाही. रोज सकाळी अर्जुनाचा खुंट धुताना, पुसताना ती तोंडातल्या तोंडात एकच घोकायची, "त्याचं नाव मातीत घालीन." एकदा काठी घेऊन ती सांगलीला गेलीही. राखणदारानं दंडाला धरून रस्त्यावर आणून सोडली.

अर्जुना म्हणाला, "सोड आता. पाय काय परत येतोय व्हय?"

"पाय तुमचा गेला. राग माझा हाय. त्यो मी ठेवणार."

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला पुतण्यानं पेपर वाचून दाखवला. जयराज डॉक्टरांचा शाल-नारळ घेतलेला फोटो होता. परदेशी मासिकात त्यांचा लेख छापून आला होता. बेचाळीस पेशंट, आणि खाली ठळक अक्षरात, 'एकाही रुग्णाचा पाय कापावा लागला नाही.'

"परत वाच," रंगुबाई म्हणाली.

पुतण्यानं परत वाचलं. बाजेवर बसलेल्या अर्जुनानं पटक्याच्या शेवानं आपला खुंट झाकला. ते बघितलं आणि रंगुबाई त्याच दिवशी गाडीत बसली.

सांगलीच्या त्या दवाखान्यात पट्टीवरचं बँडेज बदलणारी नूरीन नदाफ नावाची नर्स होती. हात हलका, बोलणं मायेचं. ती नोकरी सोडून घरी बसली होती. तिचं घर शोधायला रंगुबाईला दोन दिवस लागले. नूरीननं पाणी दिलं आणि अर्जुनाच्या पायाचं सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, त्या लेखात अर्जुनामामा हरवलेत."

"हरवलेत म्हंजी?"

"संपर्क तुटला, असं लिहिलंय. सात जणांचा. पेशंट अर्ध्यातून निघून गेला, फोन लागला नाही, की त्याला मोजत नाहीत. मला सांगितलं होतं, या सातांना फोन लावू नकोस. मी विचारलं, का? मग मला तिथं राहणं अवघड केलं."

"त्येंचा फोन रोज चालू हाय. त्यावर धनगरी गजीचं ढोल ऐकत बसत्यात." रंगुबाई उठली. "बाकीचं सा जण कोण?"

"नावं मी नाही सांगणार मावशी. पेशंटची नावं बाहेर काढणं बरोबर नाही."

"नगं सांगू. मी घिऊन येते. चुकलं तर मान हलीव."

रंगुबाईला वाचता येत नाही, पण दीडशे मेंढरं ती तोंडावरून ओळखते. एक मागं राहिलं तर कळप न मोजता तिला कळतं. बाकावर शेजारी बसलेली माणसं तिला नावानं ठाऊक नव्हती. पण कोण कुठल्या गाडीतून उतरायचं, कोण कानडी हेलानं बोलायचं, कुणाच्या पिशवीत बांगड्यांचे डबे असायचे, आणि कुठल्या मंगळवारपासून कोण दिसेनासं झालं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मेंढरं दिराच्या हवाली करून, अर्ध्या तिकिटात एसटीनं, तिनं चार महिने सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे पालथे घातले.

आष्ट्याची म्हातारी सापडली. तिचा डावा पाय गेला होता. विट्यात एका मास्तरांचे वडील सापडले; पाय मांडीपासून कापलेला. जतच्या कानडी बोलणाऱ्या शेतकऱ्याची तीन बोटं गेली होती. आटपाडीकडचा म्हातारा वारला होता, खानापूरकडचा बांगड्यावालाही. त्याच्या बायकोनं रंगुबाईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. रंगुबाईनं तिला आवरलं. "रडू नगं. कागद दे. कुठं मेला, कवा मेला, त्येचा कागद." एकेक कागद हाती आला की तिच्या छातीत काहीतरी गार व्हायचं. दुसऱ्याच्या मरणाच्या कागदानं आपल्याला बरं वाटतंय, हे तिला कळत होतं. तिनं त्याची लाज धरली नाही.

शेवटचा सापडला बशीर शिकलगार. कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये तो लेथवर काम करत होता, दोन्ही पायांवर उभा.

"कसली जखम मावशी? भरली की!" त्यानं बूट काढून पाऊल दाखवलं. टाचेवर नुसता गुलाबी डाग होता. "सहा आठवड्यांत भरली. मग पोराकडं पुण्याला गेलो, दवाखान्यात परत गेलोच नाही. माझ्यासाठी तर तो डॉक्टर फरिश्ता आहे."

रंगुबाई त्या पायाकडं बघत राहिली. त्या क्षणी तिला डॉक्टरइतकाच त्या धडधाकट टाचेचाही राग आला. ती चहा न घेता निघाली, आणि नूरीननं अर्ज लिहायला घेतला तेव्हा बशीरचं नाव रंगुबाईनं सांगितलंच नाही.

अर्ज दवाखान्याच्या नीतिसमितीकडं गेला. अशा चाचण्यांवर लक्ष ठेवायला ही समिती असते, आणि तिच्यात डॉक्टर नसलेला एक साधा माणूसही असावा लागतो. ते होते आष्ट्याचे निवृत्त हेडमास्तर नानासो. बाकीच्यांना अर्ज बासनात गुंडाळायचा होता. नानासो हटून बसले, "बाईला बोलवा, नाहीतर माझा राजीनामा घ्या."

एका दुपारी दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर रंगुबाई उभी राहिली. मागं बाकावर कुबड्या टेकवून अर्जुना, आष्ट्याची म्हातारी, विट्याच्या मास्तरांचे वडील, जतचा शेतकरी, आणि दोन विधवा. समोर समितीचे पाच जण आणि कडेला जयराज डॉक्टर. तिनं एकेकाकडं बोट करून सांगितलं आणि कागद टेबलावर ठेवले.

नानासोंनी बोटांवर मोजलं. "रंगुबाई, लेखात सात हरवलेत. तुमचे सहाच होतात. सातवा सापडला नाही?"

न्हाई म्हणायला काहीच लागत नव्हतं. तिनं डॉक्टरांकडं बघितलं. ते कागद चाळत होते, आणि त्यांच्या तोंडावर तेच गोड हसू होतं.

"सापडला," ती म्हणाली. "कुपवाडात हाय. त्याची टाच भरली. तुमच्याच पट्टीनं."

जयराज डॉक्टर ताडकन उठले. "ऐकलंत? पट्टीला गुण आहे! हेच मी सांगतोय!"

"गुण आला, त्यो बी हरवला?" रंगुबाईचा आवाज चढला. "मेला त्यो हरवला, कापला त्यो हरवला, बरा झाला त्यो बी हरवला! म्हंजी तुमी एकाला बी हुडकलं न्हाई. मला वाचता येत न्हाई, तरी मी चार महिन्यांत सात आणलं. तुमच्याकडं तर समद्यांचं नंबर लिवल्यालं हुतं!"

समितीच्या प्रमुखबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डॉक्टरांना विचारलं, "फोनची नोंद आहे का?"

नोंद नव्हती. नूरीननं आधीच लेखी जबाब दिला होता.

प्रकरण मुंबईला, डॉक्टरांना सनद देणाऱ्या परिषदेकडं गेलं. मे महिन्यात, भर उन्हात, वस्तीवर एक पांढरी गाडी आली. जयराज डॉक्टर स्वतः उतरले. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी मागच्या सीटवरून एक लांब खोकं काढलं. आत पाय होता, काळ्या, चकचकीत, कार्बनच्या धाग्यांचा.

"विमानाला वापरतात ते मटेरियल आहे. वजन म्हणाल तर काहीच नाही. अर्जुनराव यावर मेंढरांमागं चालतील. मी फक्त एक सही मागतोय. पथ्यात चूक झाली होती, एवढंच."

अर्जुनानं पाय हातात घेतला. उचलून बघितला, परत उचलून बघितला. त्याचे डोळे रंगुबाईनं बघितले. असे डोळे तिनं दोन वर्षांत बघितले नव्हते.

डॉक्टरांनी घसा खाकरला. "थोडं पाणी मिळेल का?"

त्या वस्तीवर वैरी आला तरी आधी तांब्या पुढं करतात. टँकरच्या पाण्याचा भरलेला रांजण दोन हातांवर होता.

"न्हाई," रंगुबाई म्हणाली.

तिनं नवऱ्याच्या हातातून तो पाय काढून घेतला, खोक्यात ठेवला आणि खोकं गाडीच्या टपावर आपटलं. "माझ्या मालकाचं नाव काय, डॉक्टर? पुरं नाव सांगा."

"अर्जुन..." डॉक्टर म्हणाले. त्यापुढं त्यांना काही येत नव्हतं.

"आता पेपरात येईल तवा वाचा."

गाडी धुरळा उडवत गेली. अर्जुना तीन दिवस बायकोशी बोलला नाही.

पावसाळ्यात निकाल लागला. मासिकानं लेख मागं घेतला; डॉक्टरांची सनद वर्षभरासाठी बंद झाली; शाल-नारळ देणाऱ्या संस्थेनं सत्कार रद्द केल्याचं छापलं. नूरीननं फोनवर वाचून दाखवलं. रंगुबाईनं तिच्याकडून ते तीनदा वाचून घेतलं, आणि त्या दिवशी वस्तीवर पुरणपोळ्या केल्या. लोक दबक्या आवाजात म्हणाले, एखाद्याच्या वाटोळ्याची पोळी खाऊ नये. तिनं दोन खाल्ल्या.

अर्जुनाला पाय मिळाला तो साताऱ्याच्या शिबिरात, फुकटचा. मजबूत, पण जड. दोन फर्लांग चाललं की खुंटाला घासतो, कातडी लाल होते. मग रंगुबाई बांधावर त्याच्यासमोर बसते, पट्टे सोडते, खाली कापूस सरकवते.

परवा ती पट्टा आवळत असताना तो म्हणाला, "त्यो दुसरा पाय हलका हुता."

"व्हय," ती म्हणाली. "लय हलका हुता."

आणि तिनं पट्टा आणखी एक भोक घट्ट केला.