उंबराचं गाऱ्हाणं

लालबागच्या चाळीतला उंबर तोडायचा ठरला, तेव्हा बिल्डरच्या माणसांसकट सगळे दौलत परबकडे आले. मालवणकडचा हा जुना गिरणी कामगार चाळीतल्या प्रत्येक कार्याला गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने विनवायचा. झाडातल्या राखणदाराला 'दुसरीकडे जा' असं सांगितल्याशिवाय कुऱ्हाड लावायला कोणी धजेना. दौलतने नारळ ठेवला, हात जोडले. पण ज्या खोडाला चाळीस वर्षं रोज सकाळी पाठ टेकली, त्याला जा म्हणायला त्याची जीभ रेटेना. "माज्या घराक चल," तो पुटपुटला. लोकांनी सवयीने 'होय म्हाराजा' म्हणून टाकलं. नीट ऐकलं ते फक्त त्याच्या बायकोने, रखमाने.

चाळीच्या जागी उठलेल्या टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्यावर आल्यापासून दौलत वाळत चालला. जेवण जाईना, झोप लागेना, चार पावलांत धाप. रिपोर्ट सगळे नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "काका, जरा झाडांत फिरा." खाली बाग होती, म्हणजे प्लास्टिकचं गवत आणि कुंड्यांना हात लावू नये अशी पाटी.

मग एक दिवस तो बेडरूमच्या भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. रोजच राहू लागला. पंधरवड्यात भाकरी मागून खायला लागला. रखमाला आनंदच झाला. पण भिंतीवर माणसाच्या उंचीएवढी ओल आली. प्लंबरला तिथे पाइपच सापडेना. खोलीत पिकल्या उंबरांचा वास कोंदला. मुंग्यांची रांग भिंतीवरून वर जायची आणि छताजवळ आत नाहीशी व्हायची. त्या भिंतीपलीकडे नुसतं आभाळ होतं.

रखमा घाबरली. एका सकाळी तो भिंतीशी उभा असतानाच, राखणदाराला जायला सांगायचं म्हणून तिने नारळ ठेवला. "बा देवा म्हाराजा," ती म्हणाली, "आता हंयसून..."

दौलतला धाप लागली. ओठ काळेनिळे पडले. त्याने तिच्याकडे पाहिलं, उंबर पडला तेव्हा पाहिलं होतं तसंच. राखणदार तिला नको होता, पण नवरा हवा होता.

"...हंयसून जाव नको," तिने वाक्य फिरवलं. "ह्यांका सांभाळ. हंयच रव."

ती दौलतशेजारी जाऊन भिंतीला टेकली. भिंत कोमट होती. त्याचा श्वास हळूहळू खाली बसला. गाऱ्हाण्याला कोणीतरी होकार द्यावा लागतो, म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याचे ओठ मिटलेलेच होते.

"होय म्हाराजा," तिच्या पाठीमागून आवाज आला.