डोळ्यांची जाहिरात

संस्थेने काम किती केलं हे सांगायला वेळ लागत नाही, पण कामाची जाहिरात कशी करावी यावर घेतलेल्या मीटिंगांचे किस्से मात्र साठतच जातात. पारोळ्यातल्या आमच्या नेत्रदान समितीचं असंच झालं. समिती म्हणजे तिघं. बियाण्यांचं दुकान मुलावर सोपवलेले नाना, कॉलेजात शिकवणारा प्रमोद आणि फ्लेक्स छापणारा मी.

काम साधं होतं. माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत घरच्यांनी फोन करायचा, की धुळ्याहून नेत्रपेढीची गाडी येते. फक्त तो फोन येत नव्हता. आलाच, तर प्रमोद आधी विचारणार, "आमची माहिती कुठून मिळाली?" म्हणजे कोणती जाहिरात लागू पडते ते कळावं.

*

माझा धंदाच फ्लेक्सचा. बसस्टँडसमोर मोठा बोर्ड लावला. हात जोडलेले नाना, खाली ठळक अक्षरांत 'जाताना डोळे देऊन जा.'

आठवडाभरात फोन आला. प्रमोदने आनंदाने उचलला. पलीकडचा माणूस म्हणाला, "नानांना सांगा, मत देऊ, पण आमच्या गल्लीतली गटार आधी करा."

हात जोडलेला फोटो दिसला की आमच्याकडे माणूस निवडणुकीलाच उभा असतो.

*

मग नाना म्हणाले, रिक्षा फिरवू. भोंगा लावून, गल्लोगल्ली.

रिक्षा मिळाली ती नेहमीची. गावात कोणी वारलं की अंत्ययात्रेची वेळ सांगत फिरते तीच, आवाजही त्याच माणसाचा. "मरणानंतर" एवढं ऐकलं की बायका हातातलं काम टाकून ओट्यावर यायच्या. "कोन गया, भाऊ?" कोणी गेलेलं नाही म्हटल्यावर पुढचं ऐकायला कोणी थांबत नसे.

*

प्रमोदने नानांचा तोच फोटो व्हॉट्सअॅपच्या सगळ्या ग्रुपांवर टाकला. पहिल्याने हात जोडले. दुसऱ्याने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. तिसऱ्यापासून पुढे वरचा मजकूर कोणी वाचलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरतहून नानांचे दोन चुलतभाऊ दारावर, म्हणजे सांत्वनाला, हजर. डोक्याला रुमाल, चेहरे उतरलेले. दार नानांनीच उघडलं.

"आलेच आहात तर जेवून जा," नाना म्हणाले. आतून त्यांच्या बायकोचं, अक्कांचं हसू ऐकू येत होतं.

*

एक फोन मात्र खरा आला. जवळच्या खेड्यातला माणूस होता. आई काल गेली, अग्नीही देऊन झाला. "बोर्ड रोज पाहायचो, भाऊ. त्या वेळी आठवलंच नाही."

नाना म्हणाले, "बोर्ड चौकात आणि माणूस जातो घरात. घरातल्यांना आठवलं पाहिजे." मला त्या दिवशी माझ्या फ्लेक्सचा राग आला.

*

नाना गेले ते दुकानात बसल्या बसल्या. आम्ही घरी पोचलो तेव्हा अंगण भरलं होतं. प्रमोदने नानांच्या मुलाला, महेशला बाजूला घेतलं. महेश रडत होता, पण ठाम होता. "बाबांनी घरात याबद्दल एक शब्द काढलेला नाही. बोर्डाचं काय, तो समितीचा. मी कसा हात लावू देऊ?"

तीन तास तसेच गेले. ज्यांचा चेहरा सगळ्या तालुक्याने पाहिला, त्यांचेच डोळे राहून जाणार होते.

अक्का नानांच्या उशाशी होत्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी मला खुणेने बोलावलं. "भाऊ, त्या फोटोखाले काय लिखेल शे?"

मी वाकून सांगितलं, "जाताना डोळे देऊन जा."

अक्का नानांकडे पाहत राहिल्या. "यास्नी बठ्ठा गावले सांगं. घरमा सांगानं राही गयं." मग महेशकडे वळून म्हणाल्या, "बलाव गाडी."

*

पुढे तेराव्यापर्यंत बायका दारावर येत होत्या. जवळ बसून रडणं झालं की अक्का प्रत्येकीला डोळ्यांचं सांगायच्या, आणि ती उठायला लागली की तिचा हात धरायच्या. "तुम्हीन बी घर जाईसन सांगी ठेवा." आम्ही त्या दिवसांत मीटिंग घेतली नव्हती. जाहिरातीचं कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, अमळनेरकडच्या एका गावाहून फोन आला. प्रमोदने सवयीने विचारलं, "आमची माहिती कुठून मिळाली?"

"आई नानांच्या दारावर येऊन गेली होती. घरी आली आणि आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं."

प्रमोदचे डोळे भरून आले. "आईंना द्या ना फोन. मला त्यांच्याशी बोलायचंय."



"तिच्यासाठीच फोन केलाय, भाऊ. लवकर या."