नळाचं पाणी चांगलं आहे

रायपुरातल्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दोन घरी कावीळ निघाली, तेव्हा मी मोहल्ला समितीचा अध्यक्ष होतो. नळाची नवी लाइन मीच कचेरीत खेटे घालून आणलेली, त्यामुळे तिच्याबद्दल कुणी वावगं बोललं की मला झोंबायचं. पाणी विभागाच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, तपासणीचा निकाल यायचाय, तोवर लोकांना घाबरवू नका. मला तेवढंच हवं होतं.

मंदिरासमोर सगळ्यांना जमवून मी नळाखाली ग्लास धरला आणि गटागटा प्यायलो. लोक निवांत झाले. एका ग्लासानं मला काय होणार होतं? घरी बायको आठवड्यापासून पाणी उकळत होती, आणि नातवाला आम्ही आदल्याच दिवशी नागपूरला त्याच्या मामाकडे पोचवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

शेजारच्या वहिनींची लेक पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी आली होती. सगळे पांगल्यावर वहिनी मागं थांबल्या.

"भाऊजी, पोरीले सासरी भिलाईले परत पाठवू का?"

"काहून? मी तेच पाणी पिऊन राहिलो ना."

निदान उकळून द्या, एवढं तरी सांगायचं. जिभेवर आलंही होतं, पण समितीचे दोघं जवळच उभे होते, म्हणून गिळलं.

महिन्याभरात पोरीचे डोळे पिवळे झाले. गरोदरपणातली कावीळ किती वाईट, हे मला दवाखान्याच्या बाकावर कळलं. आधी माहीत असतं तर बोललो असतो का, या प्रश्नाला मी अजून भितो. पाचव्या दिवशी सकाळी बाळ पोटातच गेलं, संध्याकाळी ती गेली.

पुढे लाइन नालीतून जाते तिथं फुटलेली सापडली. मी दारोदार सांगत फिरलो, पाणी उकळूनच प्या. लोक "हव, हव" म्हणायचे आणि दार लोटून घ्यायचे. त्यांना पटलं ते पलीकडच्या गल्लीतल्या नर्सबाईंनी सांगितल्यावर.

वहिनींकडे मी सगळ्यांत शेवटी गेलो. त्यांनी आवाज चढवला नाही.

"एवढंच सांगा भाऊजी, नातवाले नागपूरले काहून पाठवलं होतं?"

"शाळेले सुट्ट्या होत्या," मी म्हणालो.

वहिनी त्याच शाळेत शिकवतात. मला ते ठाऊक होतं, आणि तरी मी तेच बोललो.