मधुमतीताईंचे आठ सत्यनारायण

बर्मिंगहॅममधल्या मराठी घरांत वर्षाकाठी एखादा सत्यनारायण होतो. फारच भाविक माणसं असली तर दोन. मधुमती भंडारे यांनी सहा महिन्यांत आठ घातले आणि दरवेळी तीन-तीन दिवस बिनपगारी रजा घेतली. शिरा मात्र कोणाच्याही हातावर पडला नाही, कारण त्यातला एकही सत्यनारायण झालेला नव्हता.

पण ते पुढे. आधी मधुमतीताई कोण, ते सांगायला हवं.

त्या मूळच्या मिरजेच्या. मिरजेत दर दोन घरांआड दवाखाना आणि दर चार घरांआड सतार-तंबोऱ्यांचं दुकान. "मला सूर लागेना, म्हणून मी दवाखान्याकडे वळले," असं त्या स्वतःच सांगतात. वीस वर्षं नर्सिंग केलं. नवरा हार्ट अटॅकने गेला, भावाच्या घरातली त्यांची खोली हळूहळू पुतण्याची स्टडीरूम झाली, आणि एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की आपण आपल्याच घरात पाहुण्यासारखा चहा मागतो आहोत. मार्च २०२१मध्ये, करोनाच्या ऐन धुमाळीत, लोक घराबाहेर पाऊल टाकायला घाबरत होते तेव्हा ही बाई देशाबाहेर पडली. वय बेचाळीस, इंग्रजी बेताचं, सोबत दोन किलो मेतकूट.

बर्मिंगहॅममध्ये त्यांना केअररचं काम होतं. म्हणजे घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, धुवायचं, खाऊ घालायचं, गोळ्या द्यायच्या आणि हे सगळं एका फोल्डरमध्ये लिहून ठेवायचं. या धंद्यात एकच वेद आहे: लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. मधुमतीताई तो वेद अक्षरशः पाळत. त्यांच्या नोंदी ऑफिसात मोठ्याने वाचल्या जात, असं म्हणतात. एक नोंद अशी होती: 'मिस्टर प्रधान यांनी पोहे खाल्ले. मीठ कमी असल्याची तक्रार केली. मीठ डॉक्टरांनी कमी केले आहे, मी नाही.'

हे मिस्टर प्रधान म्हणजे शहरातल्या हॉल ग्रीन भागातले हरीशकाका. वय वर्षं शहाऐंशी. १९६७ साली ठाण्याहून आले ते मोटारींच्या कारखान्यात ड्रॉइंगं काढायला बसले, ते रिटायर होऊनच उठले. बाकीच्या केअरर त्यांना 'हॅरी' म्हणत. मधुमतीताईंनी पहिल्याच दिवशी 'काका' म्हटलं, आणि त्या क्षणापासून काकांनी त्यांना छळायला सुरुवात केली.

"काका, उठा."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? मला 'उठले' असं लिहायचंय."

"मग लिही ना. मी पडल्यापडल्या सही करतो."

"खोटं लिहीत नाही मी."

हे वाक्य लक्षात ठेवावं.

फोल्डरच्या शेवटी एक पान रुग्णाच्या अभिप्रायासाठी असे. काका त्यावर थरथरत्या पण रेघ न सोडणाऱ्या अक्षरात काहीतरी लिहीत. मधुमतीताईंनी ते पान कधी वाचलं नाही. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत, हे त्यांना लहानपणी चिमटा काढून शिकवलेलं होतं.

पाच वर्षं असं काम केलं की इथे कायम राहायची परवानगी मागता येते. तिला कायद्यात मोठं नाव आहे, पण केअरर मंडळी तिला 'पीआर' म्हणतात. तोवर तुमचा व्हिसा नोकरीच्या शेपटाला बांधलेला. नोकरी गेली तर व्हिसाही तिच्यामागे. मधुमतीताईंची साडेतीन वर्षं झाली होती, तेव्हा त्यांना छातीत गाठ लागली.

तिसरी स्टेज, असं डॉक्टर म्हणाली. ऑपरेशन, मग केमोच्या आठ फेऱ्या, मग रेडिएशन. मधुमतीताईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "सकाळी सातच्या आत होईल का? साडेसातला माझा पेशंट असतो."

घरी आल्यावर त्यांनी ही बातमी एकाच माणसाला सांगितली. त्यांच्या घरात वरच्या खोलीत राहणारी नागपूरची शिल्पा, तीही केअरर. शिल्पा आधी रडली, मग म्हणाली, "ताई, ऑफिसला उद्याच कळवा."

"वेडी आहेस? परमनंट करायच्या वेळेला धडधाकट माणूस बघतात. मंडईत वांगी घेतानासुद्धा आपण किडकं बाजूला काढतो."

"हा सरकारी कारभार आहे, वांगी नाहीत."

"मिरजेला मला कायम करताना मेडिकल घेतलं होतं. छाती फुगवून दाखवली होती मी. आता काय दाखवू?"

यापुढे शिल्पाचं काही चाललं नाही. शिवाय मधुमतीताईंच्या माहेरी या दुखण्याचं नाव कोणी घेत नसे. आईला झालं होतं तेव्हाही सगळे 'ते' म्हणायचे. ज्याचं नाव घ्यायचं नाही ते रजेच्या कारणात कसं लिहिणार? ऑपरेशन भाचीच्या लग्नाच्या नावाखाली वार्षिक रजेत उरकलं. पहिल्या केमोच्या आधी त्यांनी मॅनेजर ब्रेंडाला फोन केला आणि तोंडाला आलं ते सांगितलं: घरी पूजा आहे, तीन दिवस येता येणार नाही.

"कसली पूजा, बॅब?" बर्मिंगहॅमच्या बायका पोस्टमनपासून पंतप्रधानापर्यंत सगळ्यांना 'बॅब' म्हणतात.

"सत्यनारायण."

आता, खोटं बोलायला देव तरी दुसरा निवडावा! त्याच्याशी खोटं बोललं की काय होतं ते दर पूजेला भटजी अध्यायावर अध्याय वाचून सांगतात. पण घाबरलेल्या माणसाला तेहतीस कोटींतून नेमका तोच आठवला. आणि एकदा सांगितल्यावर दर तीन आठवड्यांनी त्यालाच बसवावा लागला. ब्रेंडाला नाव उच्चारता येईना, ती त्याला 'सॅटी' म्हणू लागली. "पुन्हा सॅटी आला का? जा तू. आणि नीट जेव." मधुमतीताईंना वाटायचं, गोऱ्यांना काय कळतंय आपल्यातलं!

केमोच्या चौथ्या दिवशी त्या कामावर. केस गेले, तेव्हा लोकरीची टोपी आली.

"घरात टोपी?" काकांनी विचारलं.

"थंडी आहे."

"हीटिंग तेवीसवर आहे. मला घाम फुटलाय."

"तुमची चरबी आहे ती."

फोडणीचा वास सोसेना म्हणून त्या श्वास रोखून मोहरी टाकत आणि बाहेर पळत. स्टीलचा चमचा तोंडात गंजल्यासारखा लागे, म्हणून प्लॅस्टिकच्या चमच्याने उपमा खात. काका बघत होते. एकदा म्हणाले, "माझ्या बायकोचा, अरुणाचाही असाच एक चमचा होता." मधुमतीताईंनी तो विषय झाडूबरोबर बाहेर लोटला. दोन जिने चढताना मध्ये बसायच्या, पण चौतीस किलोमीटरच्या राउंडमधलं एकही घर त्यांनी सोडलं नाही. रेडिएशन तर दुपारच्या दोन घरांच्या मध्ये, दुसरी कोणी जसं बँकेत जाऊन येईल, तसं करून आल्या. त्यांच्या नोंदींत त्या सहा महिन्यांत एक खाडाखोड सापडणार नाही. पेशंटने गोळी घेतली की नाही, याबद्दल ही बाई देवापुढेही खोटं बोलली नसती. स्वतःबद्दल मात्र देवाचंच नाव पुढे करून बोलत होती.

जानेवारी २०२६ आला. पाच वर्षं भरत आली. शिल्पा लॅपटॉप घेऊन किचनमधल्या टेबलावर बसली आणि नियम वाचता वाचता थांबली.

"ताई, बिनपगारी रजा एकूण किती झाली?"

"आठ त्रिक चोवीस. वर गणपतीचा एक दिवस. तो खरा होता हं, आपण दोघींनी बसवला होता."

"इथे लिहिलंय, वर्षात चार आठवड्यांच्या वर बिनपगारी रजा झाली तर व्हिसा रद्द होऊ शकतो. म्हणजे वीस दिवस."

मधुमतीताईंचा हात कपाच्या कानावर राहिला.

"काहीच सूट नाही?"

शिल्पाने पुढची ओळ वाचली. मग तिने ती पुन्हा वाचली, आणि तिला हसावं की रडावं ते कळेना. "आहे. बाळंतपणाला आहे. आजारपणाला आहे. ताई, तुम्ही आजारी आहात असं सांगितलं असतं ना, तर सगळं बसलं असतं. सूट फक्त पूजेला नाही."

शिल्पाने लॅपटॉप मिटला.

"कोणी मोजणार नाही," शिल्पा म्हणाली. "कंपनीने पत्र द्यायचं, आपण जोडायचं. गप्प बसा."

"आणि मोजलं तर?"

"तर मग मिरज."

मिरजेत उपचार होत नाहीत असं नव्हे. मिरजेइतके दवाखाने तर इथेही नाहीत. पण पुढची दहा वर्षं रोज एक गोळी, दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि ते सगळं पुतण्याच्या स्टडीरूममध्ये कॉट टाकून. मधुमतीताईंनी टोपी काढली. आत आता बोटभर केस उगवले होते, तेही कुरळे, जन्मात नव्हते तसे. "जायचं तर मी माझ्या मनाने जाईन गं. घालवून दिलं म्हणून जाणार नाही. उद्या ब्रेंडाला सांगते."

"खोटं बोललात म्हणून तिने काढून टाकलं तर?"

"तर निदान खरं बोलून गेले असं होईल. सत्यनारायणाला तेवढं तरी मिळू दे."

दुसऱ्या दिवशी त्या अकरा नंबरच्या बसमध्ये हॉस्पिटलच्या पत्रांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि वाटभर इंग्रजी घोकत राहिल्या. ऑफिस गालिच्यांच्या दुकानावर. ब्रेंडा समोर आली, 'ऑल राइट, बॅब?' म्हणाली, आणि घोकलेलं सगळं उडालं. मधुमतीताईंनी पिशवी टेबलावर उपडी केली.

"ब्रेंडा, नो पूजा. नो सॅटी. कॅन्सर."

पाच वर्षांत नव्हे, आख्ख्या आयुष्यात तो शब्द त्यांनी घरच्या दुखण्यासाठी पहिल्यांदा उच्चारला होता. छत कोसळलं नाही. ब्रेंडाही कोसळली नाही. तिने पत्रांकडे बघितलंसुद्धा नाही. कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. रजेच्या नऊ नोंदी होत्या, आणि नऊच्या नऊ पुढे कारण एकच: आजारी.

"तुला ठाऊक होतं?"

ब्रेंडाने कपाटातून एक कागद काढला. घरोघरची फोल्डरं दर महिन्याला तपासणीला ऑफिसात येतात, हे मधुमतीताईंना माहीत होतं. शेवटचं पानही वाचलं जातं, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. ड्रॉइंगवरच्या अक्षरात लिहिलं होतं: 'मधुमती पुन्हा तीन दिवस येणार नाही. ती पूजा म्हणेल. ती केमोथेरपी आहे. माझी पत्नी याच आजाराने गेली, मला चमचा ओळखता येतो. कृपया मागची आणि ही, दोन्ही नोंदी योग्य कराव्यात आणि मला कळले आहे हे तिला कळू देऊ नये. ह. प्रधान.' मग दर तीन आठवड्यांनी खाली एकेक ओळ: 'पुन्हा तेच.' 'पुन्हा तेच.'

"मग विचारलं का नाहीस मला?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते," ब्रेंडा म्हणाली. "फार थांबवलंस, बॅब."

मधुमतीताईंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि नोंदी वरून खाली वाचल्या. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही ऑगस्टची चुकली आहे. तेव्हा खरा गणपती होता."

"राहू दे ना. एका दिवसाने काय होतंय?"

"नाही. मी आजारी नव्हते, मोदक करत होते. खरं ते लिही."

ब्रेंडाने त्यांच्याकडे बघितलं, सुस्कारा टाकला आणि 'आजारी' खोडून 'धार्मिक' लिहिलं. गणपतीचं स्पेलिंग तीनदा विचारलं.

पत्र मिळालं, हॉस्पिटलची कागदपत्रं जोडली, अर्ज गेला. निकाल आला तेव्हा मधुमतीताई काकांकडे चहाचं आधण ठेवत होत्या. हात ओले, चष्मा पर्समध्ये. फोन काकांपुढे धरला. काकांनी भिंग काढलं.

"काय लिहिलंय?"

"'डिअर मधुमती सदाशिव भंडारे.'"

"ते मला माहितेय! खाली वाचा!"

"पत्र असं मधूनच वाचत नाहीत. तुमचा अर्ज अमुक तारखेला..."

"काका, आधण उकळून चाललंय!"

"उकळू दे. हां. 'मंजूर करण्यात येत आहे.'" काकांनी भिंग खाली ठेवलं. "झालीस बाई कायमची. आता मला कायमचं उठवणार."

मधुमतीताई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या, आणि मग एकदम वळल्या. "तुम्ही ऑफिसात माझी चहाडी केलीत."

"केली. पुन्हा करीन. पोह्यांना मीठ दे."

दुखणं गेलं असं कोणीही म्हटलेलं नाही. एप्रिलमध्ये स्कॅन आहे, जुलैमध्ये आणखी एक. पण स्कॅनची तारीख आता त्या फोनवर खणखणीत आवाजात ब्रेंडाला सांगतात, कारणासकट.

आणि मग एका बुधवारी त्यांनी एक दिवसाची रजा मागितली. "पूजा आहे. सत्यनारायण."

"बॅब, खरं सांग. बरी आहेस ना?"

"तू येऊनच बघ."

ब्रेंडा आली. काकांना व्हीलचेअरवरून आणलं. ब्रेंडाने शिरा दोनदा घेतला, तिसऱ्यांदा पुरचुंडी बांधून नेला. त्या संध्याकाळी बदली केअरर काकांकडे गेली, तेव्हा फोल्डरच्या शेवटच्या पानावर नवी नोंद होती:

'मधुमती आज गैरहजर. कारण पूजा. मी स्वतः उपस्थित होतो, पूजा खरी होती. शिऱ्यात साखर डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जास्त. तक्रार नाही. ह. प्रधान.'